शेवटच्या कडव्यातले नाव

मी माइक बंद केला नव्हता. ही गोष्ट आधी सांगणे भाग आहे, कारण आमच्या कॉफीघरातल्या गाण्यांच्या उपक्रमाविषयी गेल्या दिवाळीत जी छोटी पुस्तिका निघाली, तिच्यात एका निवृत्त प्राध्यापकांनी तसे छापले आहे. त्यांच्या लेखात मी खुर्चीवरून ताडकन उठतो, माइकची वायर उपसतो आणि कुंडलहून आलेल्या एका भोळ्याभाबड्या शेतकऱ्याला भर सभेत बाहेरचा रस्ता दाखवतो. प्राध्यापक त्या दिवशी तेथे नव्हते. त्या रविवारी ते पुण्याला नातवाच्या बारशाला गेले होते आणि बारशाचे पेढे त्यांनी पुढच्या आठवड्यात मला स्वतःच्या हाताने दिले होते. न पाहिलेल्या प्रसंगाचे इतके बारकाईने वर्णन करण्याचे धैर्य मला साध्य झालेले नाही.

मी कोणालाही बाहेर काढले नाही. तो माणूस भोळाभाबडाही नव्हता. अठरा वर्षे फौजेत काढून, दोन एकर ऊस स्वतः राखणारा, माझ्या डोळ्याला डोळा भिडवून बोलणारा गृहस्थ होता तो. त्याला भोळा ठरवून प्राध्यापकांनी माझ्यापेक्षा त्याचाच अधिक अपमान केला आहे.

माझ्या भाचीचे म्हणणे वेगळे आहे. कॉफीघर तिचे. कोणी विषय काढला की ती म्हणते, "मामांचा स्वभाव तसा आहे हो, पण त्यांच्या मनात काही नव्हतं." हे प्रेमापोटी बोललेले असल्यामुळे त्याचा प्रतिवाद करणे कठीण जाते. तरी करतो. माझ्या मनात पुष्कळ काही होते. ते काय होते हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही, आणि पुस्तिकेतली खोटी हकिकत वाचल्यावर खरी हकिकत लिहिण्याचे काम माझ्यावरच येऊन पडले. ती खोट्या हकिकतीपेक्षा मला अधिक वाईट ठरवते, हे लिहायला बसण्यापूर्वीच मला ठाऊक होते.

विश्रामबागेतल्या एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये भाचीने कॉफीघर काढले, तेव्हा मीच तिला वेड्यात काढले होते. सांगलीचा माणूस टपरीवर उभ्याने चहा पितो आणि चालू लागतो, तो कॉफीसाठी खुर्चीवर बसेल कशाला, असा माझा प्रश्न होता. लोक बसले. नुसते बसले नाहीत, तर गाऊ लागले. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी चार ते सहा, ज्याला स्वतःचे गाणे आहे त्याने यावे आणि म्हणावे, अशी प्रथा पडली. तिकीट नव्हते. दाराशी एक डबा ठेवलेला असे. त्यात जे जमेल त्यातून मिरजेच्या दवाखान्यांत रुग्णांजवळ थांबलेल्या नातेवाइकांना जेवण पोहोचवले जाई. मिरजेला दवाखाने उदंड, आणि जतपासून पार कर्नाटकातून आलेली माणसे त्यांच्या व्हरांड्यांत दिवस दिवस बसलेली असतात. रुग्णाला जेवण मिळते. सोबतच्या माणसाला कोणी विचारत नाही. भाचीने ते विचारले, याचा मला अभिमान होता आणि आहे.

नियम मात्र माझा. शब्द स्वतःचे, चाल स्वतःची, गळा स्वतःचा. पहिल्या दोन महिन्यांत लोक मोबाइलवर वाद्यवृंद लावून सिनेमाची गाणी म्हणत होते. एका डॉक्टरांनी सलग चार म्हटली. तेव्हा मी हा नियम लिहून भिंतीवर लावला. पस्तीस वर्षे कुपवाडला माझा छोटा कारखाना होता. पंपाचे शाफ्ट आम्ही बनवत असू. प्रत्येक शाफ्ट मापाच्या गेजमध्ये घालून पाहायचा. गेला तर माल, अडला तर भंगार. थोडा अडला, जवळजवळ गेला, असा प्रकार आमच्यात नव्हता. मी गाण्यांनाही तेच गेज लावले. गायकाने आधी शब्द कागदावर लिहून द्यायचे, मी वाचायचे, शंका असेल तर विचारायचे, मग त्याने माइकपाशी जायचे. दर महिन्याला गायला येणारी गिटारवाली मुले मला पाठीमागे 'इन्स्पेक्टर' म्हणत. एकदा तोंडावरही म्हणाली. मी त्याचा राग मानला नाही. ती पदवी मला शोभणारी होती असेच मला वाटले.

आणि त्या नियमामुळेच चांगली गाणी आली, हे माझे टीकाकार सोयीस्करपणे विसरतात. कुपवाडच्या एका कामगाराने दुसऱ्या पाळीवर जाताना पाठीमागे राहणाऱ्या घराचे गाणे म्हटले. एका नर्सने गणवेश वाळत घालण्याचे. असली गाणी रेडिओवर नसतात. ती माणसे एरवी सिनेमाचेच काहीतरी गुणगुणून घरी गेली असती.

तो फौजी आमच्याकडे आला तो श्रावणात. त्याच्या पत्नीचे मिरजेला ऑपरेशन झाले होते आणि अकरा दिवस तो दवाखान्याच्या बाकड्यावर होता. आमचा जेवणाचा डबा त्याला रोज मिळाला. पत्नीला घरी सोडल्यावर डबा आणणाऱ्या बाईंकडून पत्ता घेऊन तो थेट कॉफीघरात आला. मी तेथे होतो. भाचीला वाटले, तो देणगी द्यायला आला.

"पैसं द्यायला न्हाई आलो, ताई," तो म्हणाला. "जेवान देताना तुमी मोल सांगितलं न्हाई, तवा मी बी सांगत न्हाई. गाणं द्यायला आलोय. बाकड्यावर बसून जुळवलंय."

भाचीने आनंदाने त्याचे नाव येत्या रविवारच्या यादीत घातले. मी म्हटले, "शब्द लिहून आणा."

"कागदावर नसतंय आमचं, साहेब. डोस्क्यात असतंय."

"मग डोक्यातून कागदावर आणा."

तो हसला, "बघतो की" म्हणाला आणि कुंडलच्या गाडीला गेला. रविवारी तो आला तेव्हा त्याच्या हातात डफ होता, कागद नव्हता. माझ्या मनात जे होते, त्याची सुरुवात येथे आहे. त्याने नियम मोडला, भाचीने मोडू दिला, आणि माझ्याकडे कोणी पाहिलेसुद्धा नाही.

गाणे अप्रतिम होते. हे प्राध्यापकांनी लिहिलेले नाही, कारण त्यांनी ते ऐकलेले नाही. डफावर हलकी थाप, आणि चाल अशी की ऐकणाऱ्याच्या खांद्यांनी आपोआप हलावे. त्यातली दोन कडवी माझ्या लक्षात राहिली आहेत:

दाराच्या आत तू गं, दाराच्या भाईर मी,
मधी बसला शिपाई, त्याला पुसू किती मी?

परक्याच्या डब्यातली भाकर ऊन ऊन,
कुनाच्या हातची आसंल, खातो मी मान घालून.

दुसऱ्या कडव्याला भाची आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. शेवटच्या कडव्यात एक नाव आले. अमका म्हणतो, गड्यांनो, असे असे करा, अशा धाटणीचे. ते नाव गाणाऱ्याचे नव्हते. ते नाव मी येथे लिहीत नाही. माझ्यामुळे त्याची एकदा पुरेशी हेळसांड झालेली आहे.

टाळ्या झाल्या. टाळ्या पूर्ण होऊ दिल्या आणि मग मी उठलो. माइक चालूच होता. तो चालू होता म्हणूनच पुढचे सगळे रेकॉर्ड झाले.

"गाणे कोणाचे?" मी विचारले.

"माझंच की."

"मग शेवटी नाव कोणाचे?"

"वस्तादांचं. आमच्या गावचं वस्ताद हायती."

"म्हणजे गाणे त्यांनी रचले?"

"न्हाई जी. गाणं मी रचलं. मला त्यांनी रचलं."

सगळे हसले. गिटारवाली मुले तर टेबले बडवू लागली. तो हशा त्याच्या हजरजबाबीपणाला होता, माझ्यावर नव्हता, हे आज मी सांगू शकतो. त्या क्षणी मला तो माझ्यावर वाटला. माझा नियम, माझी भिंत, आणि एक माणूस एका वाक्यात तो नियम हास्यास्पद करून मोकळा झाला. मनात काही नव्हते म्हणणाऱ्या भाचीने हे वाचावे.

"येथे स्वतःचेच गाणे चालते," मी म्हणालो. "दुसऱ्याच्या नावाचे चालत नाही. गाणे तुमचे असेल, तर तुमचे नाव घालून ते कडवे पुन्हा म्हणा. म्हणजे आम्हाला ते मान्य करता येईल."

त्याचा चेहरा उतरला. "तसं जमत न्हाई, साहेब. वस्ताद हयात हायती."

"मग?"

"वस्ताद हयात हायती," तो पुन्हा म्हणाला, थोडे हळू, जणू पहिल्यांदा मला नीट ऐकू आले नसावे.

मला नीट ऐकू आले होते. त्या शब्दांमागे काही आहे, एवढेही कळले होते. जन्मभर याच मुलखात राहून मला पूर्ण कळायला हवे होते. आमच्याकडे मोहरमात हिंदू आणि मुसलमान दोघेही रिंगण धरून करबलची गाणी म्हणतात. गावोगावी त्यांची मंडळे आहेत, मंडळाला वस्ताद असतो, आणि गाण्याच्या शेवटी एक नाव असते. लहानपणापासून मी ती नावे ऐकत आलो आणि ज्याचे नाव त्याचे गाणे, असे धरून चाललो. कोणाला विचारण्याची गरज मला कधी वाटली नाही.

"तुमच्या मंडळाचे नियम तुमच्या मंडळात," मी म्हणालो. "येथे आमचा नियम. शिस्त तुम्हाला मी सांगायला नको. तुम्ही फौजेत होता."

हे शेवटचे वाक्य मी विचारपूर्वक बोललो. ते लागू पडेल हे मला माहीत होते.

मग त्याने डफ खाली, खुर्चीच्या पायाशी ठेवला. "तुमच्या दारात आलोय," तो म्हणाला, "तुमचा हुकूम." आणि हात सरळ मांडीशी धरून, नुसत्या गळ्याने, त्याने शेवटचे कडवे स्वतःचे नाव घालून म्हटले. आवाज हलला नाही. सूर ढळला नाही. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या आणि सर्वांत जोरात मी वाजवल्या. अडलेला भाग गेजमधून आरपार गेल्याचे समाधान मला झाले होते.

तेव्हा मी त्याला हाकलले, या आरोपाला माझे उत्तर असे आहे की मी त्याला गायला लावले. हाकलले असते तर बरे झाले असते.

भाचीने तो व्हिडिओ नेहमीप्रमाणे त्याच संध्याकाळी सगळ्यांना पाठवला. तिसऱ्या दिवशी सकाळी फौजीचा तिला फोन आला. त्यांच्या मंडळात शिष्याने गाणे रचावे, पण वस्ताद जिवंत असेतोवर त्यात वस्तादाचेच नाव घालावे, अशी रीत आहे. वस्ताद वारला, त्याचा चाळिसावा झाला, की थोरला शिष्य उभा राहून प्रथम स्वतःच्या नावाने गातो. थोरला शिष्य हाच होता. थोरल्या शिष्याच्या तोंडी स्वतःचे नाव ऐकू आले, तर पंचक्रोशीत त्याचा एकच अर्थ होतो.

वस्तादांची मुलगी महाबळेश्वरला दिलेली. जावई टॅक्सी चालवतो. फिरत फिरत तिच्यापर्यंत पोहोचलेले ते कडवे तिने सोमवारी फोनवर ऐकले. वडिलांचा फोन लागेना, कारण त्यांना तो चार्ज करण्याची सवय नव्हती. तिने दुसरीकडे कोठे फोन केला नाही; चाळिसावासुद्धा होऊन गेला आणि आपल्याला कोणी कळवले नाही, एवढीच गोष्ट तिच्या मनाने घेतली. तसल्या कोसळत्या पावसात नवरा-बायको घाट उतरून कुंडलला आली. ती रडत गल्लीत शिरली, तर वडील उंबऱ्यात बसून भाकरी खात होते.

गल्लीतले लोक आधी हसले. मग कोणीतरी तिला तो व्हिडिओ लावायला सांगितले, आणि वस्तादांनी तो पहिल्यांदा पाहिला. फौजीला बोलावणे गेले. तो आल्यावर म्हाताऱ्याने एवढेच विचारले, "मी मेलो व्हय रं?"

दुसऱ्या दिवशी आपला डफ वस्तादांच्या दारात ठेवून तो निघून गेला आणि मंडळात पुन्हा आला नाही.

हे सगळे भाचीने मला सांगितले, तेव्हा मी काय म्हणालो ते लिहितो. मी म्हणालो, "त्याने मला तेव्हाच स्पष्ट सांगायला हवे होते."

"दोनदा सांगितलं, मामा. व्हिडिओत आहे."

व्हिडिओ तिने ग्रुपवरून काढून टाकला होता, पण तिच्याजवळ तो होता. मी पाहिला नाही.

पुढच्या महिन्यात तिने मला विनवले की कार्यक्रमाच्या सुरुवातीला उभे राहून चूक माझी होती एवढे सांगा. कोणीतरी रेकॉर्ड करील, कुंडलपर्यंत पोहोचेल. मी उभा राहिलो. भिंतीवरचा नियम मोठ्याने वाचून दाखवला आणि तो सर्वांना सारखा आहे असे सांगून बसलो. भाचीने त्या दिवशी मला कॉफी आणून दिली नाही. तिच्या दुकानात असे कधी झाले नव्हते.

मी कुंडलला गेलो तो दिवाळीनंतर. क्षमा मागायला गेलो, असे भाची सांगत असते. तेही खरे नाही. मी खुलासा करायला गेलो होतो. साखर कारखाने सुरू झाले होते, पलूसपासून पुढे रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती, आणि एसटी त्यांच्या मागे रांगत गेल्यामुळे खुलाशाची मांडणी करायला मला भरपूर अवधी मिळाला.

वस्ताद व्यवसायाने शिंपी. दाराजवळ शिलाईचे मशीन, त्यावर एक अर्धवट शिवलेली पिशवी. वय माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी जास्त असावे. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला नखशिखांत न्याहाळले.

"या, बसा," ते म्हणाले. "मेलेल्या मानसाच्या घरी आलाय, च्या तरी घ्या."

मी मांडणी सुरू केली. नियम कशासाठी केला, तो कसा सर्वांना लागू होता, गैरसमज कोठे झाला. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली. मधे एकदा सुईत दोरा ओवला.

"आवं, कायदा बरोबर हाय तुमचा," ते म्हणाले. "दुसऱ्याचं गाणं आपलं म्हनून म्हनू ने. आमी बी पोरांना त्येच सांगतो. पर त्यानं चोरलं न्हवतं, वाहिलं हुतं. ते असू द्या. आता पुढचं बोला. त्यो गायचा थांबलाय."

"तुम्ही बोलावलेत तर येईल."

"दोन येळा बोलावलं. म्हनतो, वस्ताद, म्या जित्या मानसाचं नाव खाल्लं. आता गळ्यातनं काय निघत न्हाई. लय शेलका गळा हाय, सायब. असा मला पुन्यांदा गावायचा न्हाई." त्यांनी पिशवी बाजूला सारली. "माझं ऐकून जमायचं न्हाई. फौजी हाय त्यो. ज्यानं हुकूम दिला त्यानंच मागं घ्यायला पायजे. तुमी त्याला तितंच बोलवा. त्याच जागी, त्याच लोकांम्होरं उठा आनि म्हना, चूक माजी हुती, वस्तादाचं नाव घालून पुन्यांदा म्हन. त्यो म्हनंल. मग समदं बैजवार हुईल."

"अवश्य करतो," मी म्हणालो.

"बिगी करा. माझ्या जीत्यापनीच व्हायला पायजे त्ये. मेल्यावर मग त्याचंच नाव लागायचं, त्यात काय गंमत न्हाई." आणि ते खोकत खोकत हसले.

म्हणजे काय करायचे, कोठे करायचे आणि केव्हापर्यंत करायचे, हे सगळे मला स्पष्ट सांगितले गेले होते. माझ्या आयुष्यात यापेक्षा नेमके काम मला कोणी दिले नसेल.

भाची त्याच महिन्याच्या रविवारी तयार होती. फौजीला तिने फोन केला. तो म्हणाला, "साहेब सोता म्हननार असतील तर येतो." मी मात्र म्हणालो की मला निवेदन तयार करावे लागेल.

मी निवेदन लिहिले. ते चार पाने झाले. त्यात नियमाची पार्श्वभूमी होती, करबलच्या गाण्यांच्या परंपरेविषयी मी नव्याने मिळवलेली माहिती होती, आणि शेवटच्या परिच्छेदात, परंपरेच्या अज्ञानातून अनवधानाने घडलेल्या प्रकाराबद्दल खेद होता. भाचीने ते वाचले.

"मामा, 'चूक माझी होती', एवढंच म्हणायचंय."

"तेवढ्याने अर्धवट चित्र उभे राहते."

"राहू दे ना मग."

मी राहू दिले नाही. 'अनवधानाने' हा शब्द काढला, परत घातला. वस्तादांनी स्वतः माझा कायदा बरोबर म्हटला होता, तेही त्यात यायला हवे असे मला वाटू लागले; पण ते घातले की खेद फिका पडे, आणि काढले की मी विनाकारण दोषी दिसे. तो रविवार गेला. पुढच्या महिन्याच्या रविवारी माझा घसा बसला होता. घसा खरोखर बसला होता, डॉक्टरांची चिठ्ठी आहे. पण 'चूक माझी होती' म्हणता येणार नाही इतका तो बसलेला नव्हता. हे भाचीला तेव्हाही दिसले असावे, कारण तिने मला काढा पाठवला, फोन केला नाही. त्या रविवारी फौजी कुंडलहून येऊन सगळा वेळ मागच्या खुर्चीवर बसला होता. मी आलो नाही म्हटल्यावर कॉफी संपवून तो उठून गेला, हे मला नंतर कळले.

त्याच्या पुढच्या महिन्याच्या रविवारची तारीख मी स्वतः कळवली. निवेदन दीड पानावर आले होते आणि मला ते जवळजवळ पसंत होते. त्याच्या पाच दिवस आधी वस्ताद गेले. झोपेतच गेले म्हणे. मशीनवर कोणाचा तरी अर्धा सदरा होता.

आमचा उपक्रम त्यानंतर थांबला. जागेच्या भाड्यामुळे थांबला, गायक मिळेनात म्हणून थांबला, माझ्या हेकटपणामुळे लोक तुटले, असे तीन निरनिराळे तर्क पुस्तिकेत तीन लेखकांनी मांडले आहेत. एकही बरोबर नाही. भाची मला म्हणाली, "मला आता तिथं उभं राहून पुढच्या गायकाचं नाव पुकारता येत नाही, मामा." एवढेच कारण. डबे ती अजून पाठवते. त्यासाठी गाण्यांची गरज नाही, असे तिला आढळून आले आहे.

चाळिसाव्याला मी कुंडलला गेलो. कोणी बोलावले नव्हते, पण कोणी अडवलेही नाही. अंगणात जेवणे झाली आणि मंडळातली माणसे एका बाजूला बसली. वस्तादांची महाबळेश्वरची मुलगी दारात उभी होती. तिने मला ओळखले असावे. ती आत गेली. मंडळातल्या एका वयस्क माणसाने डफ आणून मधे ठेवला आणि फौजीला हाक मारली. तो वाढायला होता. हातातली बादली खाली ठेवून तो आला, डफाकडे पाहिले, आणि मान हलवून पुन्हा बादलीकडे गेला. त्यांनी आग्रह केला. एकाने तर त्याला धरून आणले. "आरं, आता तुजाच मान हाय गड्या," तो म्हणत होता. "आता न्हाई तर कवा?" फौजीने अदबीने हात सोडवून घेतला.

मी त्याला बाहेर गाठले. दीड पान खिशात होते. ते मी काढले नाही. मी म्हणालो, "चूक माझी होती."

शब्द किती सहज निघाले, याचे मलाच आश्चर्य वाटले. त्यांना घसा लागला नाही, मांडणी लागली नाही.

"ते ऱ्हाऊ द्या, साहेब," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला त्याच्याशी भांडता आले असते.

"आज गा," मी म्हणालो. "आज तुमचा हक्क आहे. आज तुमच्या नावाने गायचे असते ना?"

"व्हय. आजच गायचं आसतंय." त्याने खांद्यावरच्या टॉवेलाला हात पुसले. "पर माझं नाव तुमी तवाच घालून घेतलं की. आता परत काय घालू?"

आतून कोणीतरी भात संपल्याचे ओरडले, तेव्हा तो "आलो, आलो" म्हणत वळला. दोन पावले जाऊन थांबला आणि म्हणाला, "जेवल्याबिगार जाऊ नगासा. बसा त्या पंगतीला." मी जाऊन बसलो. त्याने मला इतरांसारखेच वाढले, भात, आमटी, पुन्हा आमटी. मंडळातली माणसे डफ मधे ठेवून तशीच बसली होती. काही वेळाने त्यांच्यातल्या एकाने तो उचलला आणि आत नेऊन ठेवला.